प्रकल्प नोंदी: छोटी लाइन, १:८७

काम: नॅरोगेज म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेच्या स्टेशनाचा चालता देखावा, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढा. ८ फूट × अडीच फूट, दोन तुकड्यांत. ग्राहक उमरेड रोडवरचं एक रिसॉर्ट, जागा त्यांचं रिसेप्शन. मुदत अक्षय तृतीया, म्हणजे १० मे २०२४. काम नागपूरला, सक्करदऱ्यातल्या गाळ्यात.

८ जानेवारी २०२४

जागा पाहून आलो. रिसेप्शनची डावी भिंत, वर पिवळे स्पॉटलाइट, समोर सोफे. टेबल ३६ इंच उंच ठेवायचं ठरवलं. बिल्डरच्या मॉडेलला मी ३० इंच ठेवतो, कारण तिथे गिऱ्हाईक वरून वाकून आपला फ्लॅट शोधतं. गाडी ही बाजूने बघायची वस्तू आहे. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून रूळ गेला पाहिजे.

ग्राहकाने मोबाइलवर फोटो दाखवले. एक दार्जिलिंगचा, एक शकुंतलेचा, आणि एकच खरा आपल्या नागपूर-नागभीडचा. विदर्भात कुठलीही छोटी गाडी म्हटली की लोक शकुंतला म्हणतात. ती यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, तिचंही अडीच फूट, पण लाइन वेगळी. दार्जिलिंगची तर दोन फुटी, डोंगरातली.

त्यांना धूर सोडणारं इंजिन हवं आहे. मी नाही म्हणालो. शकुंतलेचंही वाफेचं इंजिन १९९४ मध्ये गेलं. नागभीडची छोटी लाइन बंद झाली २०१९ मध्ये, आणि तोवर उमरेड-भिवापूरच्या लोकांनी वर्षानुवर्षं डिझेलच्या मागे बसून प्रवास केला. ते लोक या रिसेप्शनमध्ये येणार. वाफेचं इंजिन दिसलं तर "वा" म्हणतील आणि पुढे जातील. डिझेल दिसलं तर थांबतील. ग्राहक विचारात पडला, मग तयार झाला. धूर मात्र त्याच्या डोक्यातून गेलेला नाही, पुन्हा निघणार.

पैसे: निम्मे आगाऊ, ३० टक्के गाडी धावली की, २० टक्के मांडणी झाल्यावर.

या धंद्यात माप बरोबर असणं निराळं आणि बरोबर दिसणं निराळं. कुठे माप पाळलं, कुठे सोडलं आणि का, ते इथे लिहून ठेवणार. सहा महिन्यांनी ग्राहक विचारतोच.

११ जानेवारी

हिशेब. नॅरोगेज अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी. ८७ ने भागलं की ८.७६. एन गेजचा, म्हणजे छोट्या मापाच्या मॉडेल गाड्यांचा, तयार रूळ मिळतो ९ मिमीचा. पाव मिमीचा फरक कोणाच्या बापाला दिसत नाही. इंजिनासाठी जपानी एन गेजची चेसिस घ्यायची आणि वर आपली बॉडी चढवायची.

ब्रॉडगेज असती तर हे सुख नव्हतं. आपली ब्रॉडगेज साडेपाच फुटी, १६७६ मिमी, ८७ ने भागून १९.३. बाजारात एचओचा, म्हणजे याच १:८७ च्या मॉडेलांचा, रूळ १६.५ मिमीचा, कारण तो १४३५ मिमीच्या परदेशी गेजवर बेतलेला. त्यावर भारतीय डबा ठेवला की धड मोठं आणि पाय बारीक दिसतात. नागपूर स्टेशनाजवळच्या डायमंड क्रॉसिंगचं, म्हणजे रूळ एकमेकांना छेदून जातात त्या जागेचं, मॉडेल करायची जुनी हौस आहे, पण तिथे प्रत्येक रूळ हाताने बांधावा लागेल. पैसे देणारा भेटला की बघू.

८ फुटांत खरी जमीन बसते २१२ मीटर. एवढ्यात स्टेशन, फाटक, नाला, मालधक्का. सगळं कसं मावणार? फलाट आखडला, चार डब्यांपुरता ठेवला. इमारत नाही आखडली. फलाटाची लांबी कोणी मोजत नाही, पण इमारतीच्या दाराशी माणूस उभा केला की चूक लगेच कळते.

टेबलाची रुंदी अडीच फूट ठेवली ती गाळ्याच्या दारामुळे. नंतर लक्षात आलं, अडीच फूट म्हणजे खऱ्या लाइनीचीच रुंदी. हे अख्खं टेबल खऱ्या दोन रुळांच्या मध्ये बसलं असतं.

१६ जानेवारी

संक्रांत झाली, आज मोतीबागला. तिथलं नॅरोगेज संग्रहालय १४ डिसेंबर २००२ ला सुरू झालं. आमच्यासारख्यांना ते सोन्याची खाण आहे, आणि तिथे गर्दी असते ती मुलांच्या टॉय ट्रेनला. टेप, वही आणि एक फुटी पट्टी घेऊन गेलो. नियम एकच: पट्टी चौकटीत नसेल तर फोटो काढायचा नाही. घरी येऊन त्याच पट्टीवरून खिडकीची झडप, पायरी, कडी, सगळी मापं काढता येतात.

आजचं महत्त्वाचं टिपण मापाचं नाही. छोट्या डब्याच्या दारात माणूस उभा राहिला की दार भरून जातं. छोटी गाडी छोटी वाटते ती त्या माणसामुळे. म्हणून आपली माणसं फलाटावर कमी आणि दारांत जास्त.

२३ जानेवारी

रूळ आले. अपेक्षेप्रमाणे डोळ्यांत खुपताहेत.

एन गेजचा नेहमीचा रूळ साधारण २ मिमी उंच. ८७ पट केला तर १७४ मिमी. आज मुख्य मार्गावर टाकतात तो मीटरला ६० किलोचा रूळसुद्धा १७२ मिमीच असतो! म्हणजे खेड्यातल्या छोट्या लाइनीवर आपण राजधानी एक्सप्रेसच्या मार्गाचा रूळ टाकणार. छोट्या लाइनीचा सगळा जीव त्या बारीक, जरा वाकड्या-तिकड्या रुळात आहे. १.४ मिमी उंचीचा रूळ मागवला. महाग पडला, थांबावं लागेल, चालेल.

दुसरं दुखणं स्लीपरचं, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांचं. एन गेजचे स्लीपर १:१६० साठी असतात, आखूड आणि दाटीवाटीने लावलेले. नॅरोगेजचा लाकडी स्लीपर ५ फूट लांब, ७ इंच रुंद. आपल्या प्रमाणात साडेसतरा मिमी लांब, २ मिमी रुंद. तेव्हा रुळाखालचं प्लास्टिक काढून सागाच्या पट्ट्या घालायच्या, फक्त पुढच्या बाजूला. पडद्यामागे जो रूळ जाईल तो तयारच राहू दे.

मदतनीस पोराने विचारलं, एवढं कोण बघणार? बघणार कोणी नाही. पण दाट स्लीपर दिसले की खेळणं वाटतं, अंतर सुटलं की रेल्वे वाटते. आणि का वाटते ते बघणाऱ्याला सांगता येत नाही.

२ फेब्रुवारी

छोट्या लाइनीला आज हात लागला नाही. घर चालतं ते बिल्डरांच्या कामावर, आणि तो आला.

बेसा भागातली स्कीम, प्रमाण १:१००. मंजूर नकाशात मागच्या बाजूला मोकळी जागा आहे. बिल्डरला तिथे स्विमिंग पूल हवा. "दाखवायला काय जातं, पुढच्या फेजमध्ये करूच." शिवाय हद्दीबाहेरचा नाला निळा करायचा आणि त्यावर दोन बदकं. तो नाला मी पाहिलेला आहे. तिथे बदक दोन मिनिटंही टिकणार नाही.

पूल करणार नाही म्हणून सांगितलं. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याचं कलम १२ त्यांच्याच वास्तुविशारदाला वाचायला लावलं: जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना इमारत दाखवून पैसे घेतले आणि प्रत्यक्षात तसं निघालं नाही, तर घेणारा भरपाई मागू शकतो. मॉडेल हा पुरावा आहे. कोपऱ्यात बारीक अक्षरात "कलात्मक कल्पना" लिहिल्याने सुटका होतेच असं नाही. पूल हवा असेल तर शिक्क्याचा नकाशा पाठवा, एका दिवसात करून देतो. नाला राखाडी-हिरवा केला, बदकं रद्द. झाडांची उंचीसुद्धा वाढवू दिली नाही. शेजारची इमारत झाकायला बिल्डर नेहमी झाडं उंच मागतात.

बिल्डर जाताना म्हणाला, "तुमच्या त्या रेल्वेत तर सगळं मनाचंच चाललंय." खरं आहे. तिथे कोणी घर विकत घेणार नाही.

९ फेब्रुवारी

तळ झाला. १२ मिमी मरीन प्लाय, खाली सागाच्या फळ्यांची चौकट. इतवारीच्या लोहा ओळीतून पितळी डॉवेल पिना आणि बटरफ्लाय नट आणले. चार-चार फुटांचे दोन तुकडे पिनांवर जुळतात. सांध्याच्या दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू ठोकले. रुळाची टोकं त्यांच्या डोक्यांवर डाग देऊन बसवायची आणि मग दोन्ही तुकडे जुळवून रूळ एकाच वेळी कापायचा. आधी कापून मग जुळवायला गेलं की जुळत नाही, हे प्रत्येक नवा माणूस स्वतःच्या खर्चाने शिकतो.

१४ फेब्रुवारी

इमारतीचे भाग लेसरवर. लेसरवाल्याकडे एक कॉलेजचा मुलगा सनबोर्ड कापून मागत होता, घाईत होता. लेसरवाल्याने हात जोडले. बरोबर केलं. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी. लेसर लागला की हायड्रोजन क्लोराइड निघतो, आधी छातीत जातो आणि नंतर मशीन गंजवतो. सनबोर्ड कटरने कापायचा नाहीतर राउटरवर.

आमच्या भिंती दीड मिमी अॅक्रिलिकच्या. लेसरचा किरण १५–२० शतांश मिमी खाऊन टाकतो. खिडकीच्या चौकटी त्या हिशेबाने मोठ्या काढल्या होत्या, नाहीतर सगळ्या खिडक्या आत पडल्या असत्या.

२० फेब्रुवारी

आजचा दिवस गार्डकाकांचा.

ग्राहकाच्या ओळखीचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. छोट्या लाइनीवर गार्ड होते. बघायला म्हणून आले आणि खुर्ची ओढून बसले. चहा नको म्हणाले, मग घेतला.

गाडी कशी फिरवायची ते अजून ठरलं नव्हतं. माझा कल पुढे-मागे धावणाऱ्या गाडीकडे होता: डावीकडून यावी, फलाटाला थांबावी, परत जावी. सोपं, आणि वळणं टळतात. काकांनी कागदावर बोट ठेवलं.

"जाताना इंजिन कुठं राहीन?"

मागे, म्हणालो.

"म्हणजे इंजिन डबे ढकलून राह्यलं. पॅसिंजर अशी चालते काय जी? अन् एलव्ही कुठं लावसान?"

मुद्दा असा. शेवटच्या डब्याला एलव्हीची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'ची, पाटी असते, पिवळ्यावर काळी अक्षरं. गाडी स्टेशनातून गेली की स्टेशनचा माणूस ती पाटी बघतो. पाटी दिसली तर गाडी पूर्ण आली, मध्ये डबा तुटून राहिला नाही. मगच मागचा सेक्शन मोकळा. काकांचं सगळं आयुष्य त्या शेवटच्या डब्यात गेलं. पुढे-मागे धावणाऱ्या गाडीत परत जाताना एलव्ही सगळ्यांत पुढे येणार.

"लोकाइले नाही समजणार. मले समजीन ना."

मग लंबवर्तुळच. रूळ गोल, मागचा अर्धा भाग रंगवलेल्या पडद्याआड. वळणाची त्रिज्या ३३ सेमी येते, खऱ्यात २९ मीटर. मैदानातल्या लाइनीवर असं वळण कोणी टाकत नाही. माथेरानसारख्या दोन फुटी डोंगरी लाइनीची गोष्ट वेगळी. तेव्हा वळण लपवायचं: डावीकडे मालधक्क्याची भिंत, उजवीकडे झाडी. एक खोटं काढून दुसरं घातलं, पण हे दुसरं झाकता येतं. पहिलं फलाटासमोर उघडं पडलं असतं.

जाता जाता काका म्हणाले, "डबे इतके चकचकीत काहून? गाडी धुतलेली मी पाह्यलीच नाही कधी." अजून रंगवले नव्हते, प्रायमर होता. सांगितलं नाही.

२७ फेब्रुवारी

माती. उमरेडकडून पोतंभर आणली. ऊन देऊन, जुन्या ओव्हनमध्ये भाजून घेतली, नाहीतर पावसाळ्यात तिच्यातून काहीतरी उगवतं. मग मलमलीतून चाळली. शेवटी पातळ थर पसरून वरून लोहचुंबक फिरवला. एवढ्याशा मातीतून काळी पावडर किती निघाली ते बघून पोरगा चाट पडला. हीच पावडर रुळावर राहिली असती तर मोटरच्या चुंबकाने ओढून घेतली असती आणि इंजिन आठवड्यात बसलं असतं.

खरी काळी माती जशीच्या तशी टाकली तर मात्र डांबर वाटते. तिच्यात थोडी राखाडी पूड मिसळली. चार फुटांवरून बघितलेली १:८७ ची वस्तू म्हणजे साडेतीनशे फुटांवरून बघितलेली वस्तू, आणि तेवढ्या अंतरावर मध्ये हवा असते. रंग फिके पडतात. आमच्यात सगळ्या रंगांत थोडा पांढरा घालायचा तो यासाठी.

९ मार्च

काल महाशिवरात्र, सुट्टी. सकाळी बायकोला आणि मुलीला घेऊन उमरेड रोडने पुढे गेलो. पळस पेटलेला. ठरवून टाकलं, देखावा फाल्गुनातला. याने दोन कामं होतात. एक, पळसाला तेव्हा पानं जवळपास नसतात, नुसती शेंदरी फुलं. म्हणजे झाड हलकं राहतं आणि मागचं वळण तरी झाकतं. दुसरं, रिसेप्शनमध्ये शिरल्या शिरल्या नजर त्या रंगावर जाणार, वळणावर नाही.

झाडांची पद्धत नेहमीची. जुन्या वायरीतलं तांबं पिळून खोड, फांद्या वेगळ्या काढायच्या, वर लाकडाच्या भुशाची आणि गोंदाची लापशी. पळसाचं खोड सरळ करायचं नाही, तो जन्माचा वाकडा. फुलांना स्पंज मिक्सरमध्ये दळून रंगवला. मिक्सर गाळ्यातला आहे, घरचा नव्हे. हे लिहून ठेवतो, कारण घरी विचारणा झाली.

१५ मार्च

माणसं. उंची १९ मिमी. तयार मिळतात ती कोट-टोपी घातलेली. त्यांना धोतर, नऊवारी, गांधी टोपी, डोक्यावर गाठोडं हे सगळं एपॉक्सी पुटीने चढवलं.

चितार ओळीतल्या एका मूर्तिकारांना दाखवायला नेली. सध्या त्यांचा हंगाम नाही, निवांत बसले होते. मी डोळे रंगवायला दोन केसांचा ब्रश घेऊन गेलो होतो. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, डोळे काढूच नका. एवढ्या आकारात डोळा काढला की माणूस घाबरलेला दिसतो. भुवईखाली फक्त सावली टाका. ज्या माणसाने आयुष्यभर मूर्तीचे डोळे रेखले, त्याने हे सांगावं! एका बाईच्या चेहऱ्यावर त्यांनी स्वतः तपकिरी पाण्याचा हात फिरवून दाखवला. चेहरा आला.

फाटकावर उभी बैलगाडी पोराने केली. याच्या घरी तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी बनतात, बैल त्याच्या हातात आहे. शिंगं प्रमाणापेक्षा चांगली दुप्पट झाली आहेत. राहू दिली. मापाने केली असती तर केसासारखी झाली असती आणि बैलाची म्हैस झाली असती.

२२ मार्च

गाडी धावली.

१२ व्होल्ट डीसी, छोटा मायक्रोकंट्रोलर, शेवटच्या डब्याखाली चुंबक आणि फलाटाखाली सेन्सर. बटण दाबलं की गाडी दोन फेऱ्या मारून फलाटाला थांबते. ग्राहकाला सकाळपासून रात्रीपर्यंत फिरती हवी होती. एवढ्याशा मोटरचे ब्रश तसे फार टिकत नाहीत. आणि सतत फिरणारी वस्तू लोक तिसऱ्या मिनिटाला बघेनासे होतात. बटण स्वतः दाबलेला माणूस शेवटपर्यंत बघतो.

वेगावर वाद. खरी गाडी ताशी ४० किमी धरली तर आपल्याकडे सेकंदाला १३ सेमी. ग्राहक व्हिडिओ कॉलवर म्हणाला, फार हळू आहे. मी म्हणालो, छोटी गाडी होती ती. मागे काकांचा आवाज आला, "चाळीस? कोण्या दिवशी?" मग १० सेमीवर आणली. ग्राहक गप्प.

३० टक्क्यांचा हप्ता मागितला.

२६ मार्च

कालची धुळवड. पोराच्या हाताचा जांभळा रंग निघालेला नाही, त्याला डब्यांना हात लावू दिला नाही. नुसते रूळ साफ केले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने.

४ एप्रिल

रंगाचे नमुने घेऊन रिसॉर्टवर. गाळ्यातल्या पांढऱ्या ट्यूबखाली जो वीटकरी लाल छान दिसत होता, तो तिथल्या पिवळ्या स्पॉटखाली नारिंगी झाला. आणि पळसाचं शेंदरी त्याच्यात मिसळून गेलं. डब्याचा लाल थोडा निळसर, मळका केला. गाळ्यात आता वाईट दिसतो. पोराला बजावलं, दुरुस्त करू नकोस.

सगळ्यावर मॅट वार्निश. चकाकी फक्त दोन ठिकाणी ठेवली: रुळाचा माथा आणि नाल्यातलं पाणी.

१० एप्रिल

पाडवा झाला, आज नाल्याचं पाणी. एपॉक्सी रेझिन, एका वेळी तीन मिमीच. जाड ओतलं की स्वतःच तापतं, पिवळं पडतं, तडकतं. या दिवसांत नागपुरात डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा ते कितीतरी आधी घट्ट व्हायला लागतं. सकाळी सहाला मिसळलं, थोडं-थोडं. फाल्गुनातला नाला, म्हणजे मध्ये एक डबकं आणि बाजूला भेगाळलेला गाळ. ग्राहकाने पाणी वाढवायला सांगितलं. नाही वाढवलं. पळस फुललाय आणि नाला भरून वाहतोय, असं उमरेडच्या माणसाला दाखवलं तर तो बटण दाबायच्या आधीच हसेल.

१९ एप्रिल

मतदान. गाळा बंद.

२३ एप्रिल

झाकण. ६ मिमी अॅक्रिलिक, पाच बाजू. हे लेसरवर कापून घेतलं नाही. लेसरने कापलेल्या कडेत ताण राहतो, आणि त्यावर जोडायला क्लोरोफॉर्म लावला की कडेतून बारीक तडे आत जातात, कधी लगेच, कधी महिन्याने. भट्टीत ८० अंशांना ठेवून ताण काढता येतो, पण ८ फुटी भट्टी आणणार कुठून? आरीने कापलं, कडा घासून घेतल्या. क्लोरोफॉर्मचं काम शटर पूर्ण उघडून, पंखा बाहेरच्या दिशेने. पोराला त्या वेळी चहाला पाठवतो.

अॅक्रिलिक उन्हाळ्यात वाढतं. मीटरमागे दर अंशाला ७ शतांश मिमी. ऐकायला काहीच नाही. पण रिसेप्शन एसीत २४ अंश, आणि वीज गेली की दुपारी ४४ धरायला हरकत नाही. वीस अंशांत ८ फुटी शीट साडेतीन मिमी लांबते. घट्ट स्क्रूने आवळली तर मध्ये फुगते. म्हणून एका टोकाला भोकं गोल, दुसऱ्या टोकाला लांबट.

३० एप्रिल

स्टेशनाच्या पाटीचा निकाल लागला.

जानेवारीपासून लोंबकळत होता. ग्राहकाला पाटीवर रिसॉर्टचं नाव हवं. मला नको, कारण पिवळी पाटी आणि त्यावर काळ्या अक्षरांत मराठी, हिंदी, इंग्रजी ही सरकारी गोष्ट आहे, तिच्यावर जाहिरात बसत नाही. खऱ्या स्टेशनाचं नावही नको, कारण हे कुठलंच एक स्टेशन नाही. इमारत एकीकडची, धक्का दुसरीकडचा.

काकांनी सोडवलं. फलाटाच्या टोकाची मोठी पाटी रुळाला आडवी असते, येणाऱ्या गाडीकडे तोंड करून. ड्रायव्हरने आणि खिडकीतल्या माणसाने वाचायची ती. समोर सोफ्यावर बसणाऱ्याला तिची फक्त कड दिसणार. "लिहा त्याचं नाव. ज्याले वाचायचं तो वाकून वाचीन." पाटी नियमाप्रमाणे उभी केली, तिन्ही ओळींत रिसॉर्टचं नाव. ग्राहक खूश, समोरून मला त्रास नाही. मालधक्क्याच्या भिंतीवर मंजनाची जुनी जाहिरात मी आपल्या मनाने रंगवली आहे, कुठल्याच कंपनीची नाही.

काकांनी भिंग मागून एलव्हीची पाटी बघितली. मग स्टेशन मास्तरच्या हातातली हिरवी झेंडी. ती डाव्या हातात का उजव्या यावर ते बराच वेळ बोलले. झेंडी जिथे होती तिथेच राहिली.

४ मे

पहाटे पाचला छोटा हत्ती. प्लास्टिक प्रिंट केलेले भाग, म्हणजे सिग्नल आणि पाण्याची टाकी, पीएलएचे आहेत. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतात, आणि उन्हात बंद गाडीत तेवढं सहज होतं. ते काढून थर्मोकोलच्या पेटीत माझ्या मांडीवर. दोन तुकडे उभे नाही, आडवेच, खाली जुन्या गाद्या.

दिघोरीच्या पुढे रस्त्याचं काम. ड्रायव्हरने जीव खाऊन हळू नेलं. एक पळस मोडला, जादाचे बरोबर होते.

मांडणी दुपारपर्यंत झाली. पिना बसल्या, रूळ जुळले, पहिल्याच फेरीत गाडी सांध्यावरून न अडखळता गेली. एका फेरीत तिसरा डबा उतरला. चाकाला माती नव्हती, सांधाही ठीक होता. टेबलाचा एक पाय फरशीच्या खाचेत होता. खाली पाचर घातली.

स्वयंपाकघरातला एक माणूस आला, उमरेडचाच. बटण दाबलं, गाडी थांबेपर्यंत बघितलं आणि विचारलं, "याच्यात बकऱ्या नाही घेतल्या का? डब्यात बकऱ्या राहायच्या ना." लिहून घेतलं. शेवटच्या आधीच्या डब्याच्या दारात एक बकरी बसेल.

७ मे

देखभालीचा कागद दिला, लॅमिनेट करून. झाकण कोरड्या फडक्याने पुसू नये, स्थिर वीज तयार होते आणि धूळ उलट ओढली जाते. ओलं मऊ फडकं, साबणाचा थेंब. काच पुसायचा निळा फवारा अजिबात नको, त्यातला अमोनिया अॅक्रिलिकला तडे पाडतो. पंधरा दिवसांनी रूळ अल्कोहोलने. गाडी उतरली तर आधी झाकण काढायच्या खुणा बघा, ओढू नका. रिसेप्शनच्या मुलीला सगळं करून दाखवलं. मॅनेजरला सांगून उपयोग नसतो.

बकरी बसवली.

१३ मे

अक्षय तृतीयेचा कार्यक्रम झाला, मी गेलो नव्हतो. ग्राहकाचा फोन: लोक गर्दी करताहेत, सगळं उत्तम, आणि इंजिनातून थोडा धूर निघाला तर? डिझेलही धूर सोडतंच की, असं त्याला कोणीतरी सुचवलंय. मुद्दा चुकीचा नाही. पण धुराच्या यंत्रातलं तेल झाकणाच्या आतल्या बाजूला बसतं आणि महिन्याभरात रूळ चिकट होतात. उरलेले २० टक्के आले की त्याचा वेगळा अंदाज देतो म्हणालो. बेसावाल्याचा शिक्क्याचा नकाशाही आज आला. पूल त्यात नाही.